मागच्या दाराने आलेला माणूस

विधान परिषदेची निवडणूक जवळ आली की आपल्याकडे एक वाद हमखास पेटतो. एक बाजू म्हणते, हे सभागृह म्हणजे विधानसभेला पडलेल्यांची सोय आहे, मागचे दार आहे, ते कायमचे बंद करा. दुसरी बाजू लगेच ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर यांची नावे पुढे करते आणि विचारते, ही माणसे खुल्या निवडणुकीत निवडून आली असती का? पहिली बाजू मग आजच्या दहा आमदारांची नावे वाचून दाखवते आणि वाद जिथे सुरू झाला तिथेच संपतो. दोन्ही बाजू आत आलेल्या माणसांची मोजदाद करतात. दार किती रुंद आहे, ते कोणाच्या मापाचे कापले आहे, हे कोणीच मोजत नाही. हाच वाद आयर्लंडमध्ये २०१३ साली सार्वमतापर्यंत गेला होता आणि तिथेही तो बराचसा असाच चालला. म्हणून मला तिथल्या एका माणसाबद्दल लिहायचे आहे. डेव्हिड नॉरिस जानेवारी २०२४ मध्ये आयर्लंडच्या शॅनडमधून, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहातून, निवृत्त झाले. छत्तीस वर्षे ते तिथे होते. इतका काळ त्या सभागृहात दुसरे कोणीही बसलेले नाही. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. नॉरिस ज्या जागेवरून निवडून येत ती जागा अन्यायाची होती, आणि त्या जागेवाचून ते आत येऊच शकले नसते. या दोन्ही गोष्टी खऱ्या मानल्या तर त्यातून दार बंद करण्याचा निष्कर्ष निघत नाही, ते रुंद करण्याचा निघतो.

आधी माणूस. जन्म १९४४, तेव्हाच्या बेल्जियन काँगोमध्ये. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते इंग्रजी शिकवत, कादंबरीकार जेम्स जॉइसचे अभ्यासक म्हणून नावाजलेले. सत्तरच्या दशकात त्यांनी समलिंगी संबंधांविरुद्धचा कायदा बदलण्यासाठी मोहीम उभारली आणि मग थेट राज्यसंस्थेवर खटला भरला. ज्या कायद्यांशी ते लढत होते ते आयर्लंडने केलेले नव्हतेच. एक १८६१ चा, दुसरा १८८५ चा, दोन्ही ब्रिटिश संसदेचे. आपल्या दंडसंहितेचे ३७७ वे कलम १८६० चे. एकाच टाकसाळीतली ही नाणी. ज्यांनी हे कायदे लादले त्या इंग्लंडने आपल्या घरात ते १९६७ साली सैल केले. त्यांच्याविरुद्ध लढून स्वतंत्र झालेल्या आयर्लंडने मात्र ते आपली संस्कृती म्हणून जपले, आणि आपणही २०१८ पर्यंत तेच केले. परक्याचे जोखड फेकून देताना त्याची काठी तेवढी हातात ठेवायची, असे का होते?

नॉरिस १९८० मध्ये उच्च न्यायालयात हरले. एप्रिल १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले, तीन विरुद्ध दोन मतांनी. बहुमताच्या निकालपत्रात सरन्यायाधीश ओ'हिगिन्स यांनी आयरिश राज्यघटनेच्या ख्रिस्ती स्वरूपाचा आधार घेतला होता. तो काळ कसा होता हे समजायला याच वर्षातला आणखी एक निकाल पुरेसा आहे. १९८२ मध्ये डब्लिनच्या फेअरव्ह्यू पार्कमध्ये एकतीस वर्षांच्या एका माणसाला, तो समलिंगी आहे म्हणून, काही पोरांनी मारून टाकले होते. मार्च १९८३ मध्ये त्या पाच जणांना शिक्षा झाली, पण ती निलंबित. एकही जण तुरुंगात गेला नाही. मार्चमध्ये हा निकाल आणि एप्रिलमध्ये नॉरिस यांचा. अशा देशात, अशा वर्षी, असा माणूस एखाद्या ग्रामीण मतदारसंघात उभा राहिला असता तर त्याचे काय झाले असते?

त्याला एकच जागा खुली होती. शॅनडच्या साठ सभासदांपैकी सहा विद्यापीठांतून येतात. तीन राष्ट्रीय विद्यापीठाचे आणि तीन डब्लिन विद्यापीठाचे, म्हणजे ट्रिनिटीचे. ट्रिनिटी ही मूळची प्रॉटेस्टंट अल्पसंख्याकांची संस्था. कॅथलिक बिशपांनी आपल्या अनुयायांना तिथे शिकण्यावर घातलेला निर्बंध १९७० मध्ये उठला. बहुसंख्य समाजाच्या थोडी बाहेर राहिलेली ही जागा होती. तिथेही नॉरिस अनेकदा उभे राहिले आणि पडले. १९८७ मध्ये निवडून आले. आपण समलिंगी आहोत हे उघडपणे सांगून आयर्लंडमध्ये निवडून आलेले ते पहिले लोकप्रतिनिधी.

या जागेचा इतिहास मला फार वेळ अस्वस्थ करत आला आहे. स्वातंत्र्यापूर्वी डब्लिन विद्यापीठाचे प्रतिनिधी लंडनच्या संसदेत बसत, आणि १८९२ ते १९१८ या काळात त्यातले एक होते एडवर्ड कार्सन. वकील म्हणून त्यांचा दरारा होता. १८९५ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्ड यांनी आपल्यावर समलिंगी असल्याचा आरोप करणाऱ्या एका उमरावावर, क्वीन्सबरीच्या मार्क्विसवर, अब्रुनुकसानीची फिर्याद केली, तेव्हा मार्क्विसच्या बाजूने वाइल्ड यांची उलटतपासणी घेतली ती कार्सन यांनी. दोघे ट्रिनिटीमध्ये एकाच काळात शिकलेले. उलटतपासणीत फिर्याद कोसळली, फिर्यादीचा आरोपी झाला आणि मे महिन्यात वाइल्ड यांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, १८८५ च्या त्या कायद्याखाली. ज्या विद्यापीठाच्या पदवीधरांनी कार्सन यांना संसदेत पाठवले, त्याच विद्यापीठाच्या पदवीधरांनी वाइल्ड यांच्या शिक्षेनंतर ब्याण्णव वर्षांनी तोच कायदा मोडून काढायला निघालेल्या माणसाला सभागृहात पाठवले. म्हणून ‘विद्यापीठांच्या जागा पुरोगामी असतात’ हा युक्तिवाद मला पटत नाही. जागा पुरोगामीही नसते आणि प्रतिगामीही नसते. मात्र तिथे बहुमताचा जोर थोडा कमी पडतो, आणि त्या फटीतून कोण आत येईल हे काळ ठरवतो.

आता विरोधकांचे म्हणणे. ते वजनदार आहे, आणि नॉरिस यांचे चाहते त्याला नीट उत्तर देत नाहीत.

पहिला आक्षेप मताधिकाराचा. पदवी हातात असली म्हणून माणसाला एक मत जास्त का? मी स्वतः आपल्या विधान परिषदेचा पदवीधर मतदार आहे. दर निवडणुकीला अठरा नंबरचा अर्ज नव्याने भरतो, पदवीची प्रत जोडतो. आईचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. या राज्याच्या कायद्यांचे चटके तिने माझ्यापेक्षा जास्त सोसले आहेत, पण तिला तो अर्ज भरता येत नाही. याचे समर्थन मला करता येत नाही आणि मी करणारही नाही. आयर्लंडमध्ये तर अन्याय दुहेरी होता, कारण सगळ्या पदवीधरांनाही मत नव्हते, फक्त दोन विद्यापीठांच्या पदवीधरांना होते. १९७९ साली सार्वमत झाले. इतर उच्च शिक्षण संस्थांच्या पदवीधरांनाही हा हक्क देण्याची मुभा घटनेत घालावी का, असा प्रश्न होता, आणि ९२ टक्के मतदारांनी होकार दिला. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ एकाही सरकारने तसा कायदा केला नाही. नॉरिस यांची संपूर्ण कारकीर्द या न पाळलेल्या कौलाच्या सावलीत गेली. शेवटी दुसऱ्या एका विद्यापीठाचा पदवीधर न्यायालयात गेला, आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा घटनाबाह्य ठरवली.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. कायदा बदलला तो शॅनडमुळे नव्हे, स्ट्रासबर्गमुळे. हे खरे आहे. देशातल्या न्यायालयांत हरल्यावर नॉरिस स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. तिथे त्यांच्या वकील होत्या मेरी रॉबिन्सन, त्याही ट्रिनिटीच्याच सिनेटर. २६ ऑक्टोबर १९८८ रोजी आठ विरुद्ध सहा मतांनी निकाल नॉरिस यांच्या बाजूने लागला. मग या गोष्टीत सभागृहाचे काम काय? नॉरिस प्राध्यापकच राहिले असते तरी निकाल तोच लागला असता. आक्षेप घेणारे इथे थांबतात, आणि मला वाटते ते फार लवकर थांबतात.

कारण निकाल १९८८ चा आणि कायदा १९९३ चा. मधली जवळजवळ पाच वर्षे आयर्लंडच्या सरकारने कायदा बदलला नाही. या काळात शॅनडमध्ये एक माणूस रोज येत होता, जो कायद्याच्या भाषेत संभाव्य जन्मठेपेचा गुन्हेगार होता आणि सभापतींच्या भाषेत ‘सन्माननीय सिनेटर’. १९८९ मध्ये द्वेष पसरवण्यास बंदी घालणारा कायदा झाला आणि त्यात संरक्षण मिळालेल्या गटांत लैंगिक कलाचाही समावेश झाला. म्हणजे ज्या माणसांविरुद्ध द्वेष पसरवणे गुन्हा, त्यांचे प्रेमही गुन्हाच. ही विसंगती वर्तमानपत्रात वाचून पान उलटता येते. ती विसंगती समोरच्या बाकावर बसून प्रश्न विचारू लागली की पान उलटता येत नाही.

आणि १९९३ चा कायदा कसा झाला तेही पाहावे. स्ट्रासबर्गने एवढेच म्हटले होते की प्रौढांच्या खासगी आयुष्यातला हा हस्तक्षेप हक्कांचा भंग आहे. त्यावर किमान दुरुस्ती करून हात झटकता आले असते. शेजारच्या इंग्लंडमध्ये तेव्हा समलिंगी पुरुषांसाठी संमतीचे वय एकवीस होते, बाकीच्यांसाठी सोळा. आयर्लंडने सगळ्यांसाठी एकच वय ठेवले, सतरा. मोहिमेतल्या कार्यकर्त्यांचे, त्यांच्या आईवडिलांचे आणि न्यायमंत्री मॉयरा गेगन-क्विन यांचे हे श्रेय आहे. ते एकट्या नॉरिस यांच्या पदरात घालणे त्यांच्यावरही अन्यायाचे होईल. पण शॅनडमध्ये जूनमध्ये चर्चा झाली तेव्हा ज्याच्याविषयी कायदा होता तो माणूस स्वतः उभा राहून बोलला. ७ जुलै १९९३ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. राष्ट्राध्यक्ष होत्या मेरी रॉबिन्सन.

याची दुसरी बाजू आपल्याकडेच पाहायला मिळते. डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३७७ वे कलम कायम ठेवले आणि बदल करायचा असेल तर तो संसदेने करावा, असे सांगितले. दोन वर्षांनी शशी थरूर यांनी लोकसभेत खासगी विधेयक आणले. ते फेटाळले गेले असेही म्हणता येत नाही, कारण ते मांडूच दिले नाही. मांडायला परवानगी द्यावी का यावरच मतदान झाले आणि ७१ विरुद्ध २४ अशी परवानगी नाकारली गेली. हा कायदा माझ्याविषयी आहे, असे उभे राहून सांगणारा एकही जण त्या सभागृहात नव्हता. शेवटी सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयालाच ते करावे लागले. त्याआधी २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात जे परदेशी दाखले आहेत त्यात ‘नॉरिस विरुद्ध आयर्लंड’ आहे. डब्लिनच्या एका प्राध्यापकाची फिर्याद आपल्या उंबऱ्यापर्यंत आली होती. ती आत घ्यायला संसदेत कोणी नव्हते.

पडणारी विधेयके वाया जातात असे मानणाऱ्यांनी मेरी रॉबिन्सन यांचेच उदाहरण पाहावे. १९७१ मध्ये त्यांनी गर्भनिरोधकांवरची बंदी सैल करणारे विधेयक शॅनडमध्ये आणले, तेव्हा सभागृहाने ते छापायलाही नकार दिला. आठ वर्षांनी सरकारला त्या विषयावर स्वतःच कायदा करावा लागला. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा प्रस्ताव आणला होता. तो पडला, आणि आज तो वाचताना पाडणाऱ्यांची नावे कोणाला आठवत नाहीत. सभागृहात एखादी गोष्ट पहिल्यांदा म्हटली जाते तेव्हा ती जवळजवळ नेहमीच हरते. पण ती म्हणणारा आत असावा लागतो.

तिसरा आक्षेप छत्तीस वर्षांचा. एकाच जागेवर इतकी वर्षे बसलेला माणूस कोणाला उत्तरदायी असतो? इथे मला नॉरिस यांचा बचाव करायचा नाही. २०११ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरले आणि जनमत चाचण्यांत पुढे होते. मग एक जुनी गोष्ट बाहेर आली. त्यांच्या माजी जोडीदाराला इस्रायलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाशी लैंगिक संबंध ठेवल्याबद्दल शिक्षा होणार होती, तेव्हा नॉरिस यांनी दयेची विनंती करणारे पत्र इस्रायलच्या न्यायालयाला लिहिले होते, आणि तेही संसदेच्या नाममुद्रेच्या कागदावर. ही चूक लहान नव्हती. ज्याने आयुष्यभर कायद्यापुढच्या समानतेसाठी भांडण केले त्याने आपल्या माणसासाठी पदाचे वजन वापरले. ऑगस्टमध्ये त्यांनी माघार घेतली, सप्टेंबरमध्ये परत आले, आणि ऑक्टोबरमध्ये देशभरातून त्यांना सहा टक्क्यांच्या थोडी वर मते मिळाली. मायकेल डी. हिगिन्स निवडून आले. खुल्या निवडणुकीत देशाने आपला निकाल दिला. ट्रिनिटीच्या पदवीधरांनी मात्र त्यांना २०१६ मध्ये आणि २०२० मध्ये पुन्हा निवडून दिले. बंद दाराच्या मतदारसंघात माणूस आपल्या लोकांत सुरक्षित राहतो, हा आक्षेप इथे पुरता खरा ठरतो, आणि मला तो खटकतो. पण या आक्षेपाचे औषध कोणते? मतदार थोडे आणि ओळखीचे असतात तेव्हा जागा सुरक्षित होते. मतदार वाढवा, ती सुरक्षितता आपोआप जाते. सभागृह मोडून ती जाईल, पण तिच्याबरोबर १९८७ सालचे दारही जाईल.

ते मोडायचा प्रयत्न झालाच. पंतप्रधान एन्डा केनी यांनी ४ ऑक्टोबर २०१३ रोजी शॅनड बरखास्त करण्यासाठी सार्वमत घेतले. प्रचारातला मुख्य मुद्दा होता वर्षाला दोन कोटी युरो वाचण्याचा. देश आर्थिक संकटातून जात होता, लोकांचे पगार कापले गेले होते. खर्चाचा मुद्दा क्षुल्लक म्हणून उडवून लावणे योग्य नव्हते. तरीही ५१.७ टक्के लोकांनी नकार दिला. फरक सुमारे साडेबेचाळीस हजार मतांचा. शॅनडवर प्रेम असलेले लोक आयर्लंडमध्ये तेव्हाही थोडेच होते. मला वाटते, एकाच सभागृहात बहुमत असलेल्या सरकारच्या हाती सगळे सोपवायला लोक तयार नव्हते. त्यांच्याकडे त्याचा अनुभव होता. पहिल्या शॅनडमध्ये नेमणुकीने आलेले कवी डब्ल्यू. बी. येट्स १९२५ मध्ये घटस्फोटबंदीविरुद्ध बोलले होते, प्रॉटेस्टंट अल्पसंख्याकांच्या बाजूने. ते हरले आणि बंदी पुढे घटनेतच आली, १९९५ च्या सार्वमतापर्यंत टिकली. ती पहिली शॅनड तेव्हाचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरा यांनी १९३६ मध्ये बरखास्त केली, आणि वर्षभरात नव्या राज्यघटनेत त्यांनीच दुसरी उभी केली. आपल्या राज्यसभेत बारा सदस्य नेमण्याची कल्पना घटनाकारांनी घेतली ती याच आयरिश घटनेतून. आपल्याकडे पश्चिम बंगाल, पंजाब, तमिळनाडू यांनी परिषदा बंद केल्या. आंध्रने १९८५ मध्ये बंद केली आणि २००७ मध्ये परत आणली. बंद करणे सोपे असते, पण ज्या प्रश्नासाठी ती होती तो प्रश्न बंद होत नाही.

माझा सगळा जोर ज्यावर आहे तो मुद्दा हिशेबाचा आहे, आणि आपल्या वादात तो मी कधी ऐकलेला नाही. आयर्लंडमध्ये पसंतिक्रमाचे मतदान आहे, म्हणजे मत एकच, पण मतदार उमेदवारांना एक, दोन, तीन असे क्रम देतो आणि गरज पडल्यास ते मत पुढच्या पसंतीकडे जाते. ट्रिनिटीच्या मतदारसंघात जागा तीन होत्या. तीन जागा असल्या की निवडून यायला वैध मतांच्या चौथ्या हिश्श्याहून एक मत जास्त पुरते. म्हणजे चारांपैकी तिघांना नॉरिस नको असतील, काहींना त्यांची किळस वाटत असेल, तरी चौथा माणूस त्यांना आत पाठवू शकत होता. नॉरिस आत आले ते शिकलेल्या माणसांच्या औदार्याने, असे म्हणणारे हा हिशेब विसरतात. ट्रिनिटीत एकच जागा असती तर तिथल्या शिकलेल्या माणसांनीही त्यांना पाडले असते, असे मला वाटते. २०२३ च्या निकालानंतर आयर्लंडने नवा कायदा केला. पुढच्या निवडणुकीपासून सहाही जागांचा एकच मतदारसंघ होईल आणि उच्च शिक्षण संस्थांच्या पदवीधरांना त्यात मत असेल. सहा जागांना सातवा हिस्सा पुरतो. मतदार कैक पटींनी वाढतील आणि दारही रुंद होईल, एकाच वेळी. पदवी नसलेल्यांना तिथे अजून मत नाही. तेवढा अन्याय शिल्लक आहे.

आपल्या विधान परिषदेत पदवीधरांच्या जागा सात आहेत. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती, नागपूर, प्रत्येक ठिकाणी एक. मतपत्रिका पसंतिक्रमाचीच आहे, पण जागा एक असली की निम्म्याहून जास्त मते लागतात. निम्म्याहून जास्त मते गोळा करायला पक्षाची नोंदणी यंत्रणा लागते, गावोगावी अर्ज भरून घेणारी माणसे लागतात, आणि म्हणूनच तिथे बहुतेक वेळा पक्षांचेच उमेदवार येतात. मग आपण म्हणतो की पदवीधर मतदारसंघाला काही अर्थ उरला नाही. या सातही जागा एका राज्यव्यापी मतदारसंघात, एकाच वेळी भराव्यात आणि मत पदवी नसलेल्यांनाही द्यावे, अशी मागणी विधान परिषद वाचवू पाहणाऱ्यांनी का करू नये? सात जागांना आठवा हिस्सा लागेल. ज्या माणसाचे म्हणणे राज्यातल्या दर आठांपैकी सात जणांना ऐकायचेसुद्धा नाही आणि आठव्याला ते पटते, तो माणूस सभागृहात येईल. आज त्याच माणसाने एखाद्या मतदारसंघात अर्ज भरला तर त्याला दर दोन मतदारांमागे एकाहून जास्त मत मिळवावे लागते. १९८७ मध्ये डब्लिनमध्ये चारांत एक पुरत होते.